कोपऱ्यातली तीन अक्षरे

कॅडेट मित्रांनो, वर्गात मी तुम्हांला लढायांची साले विचारतो. आज एका चित्राच्या कोपऱ्यात लिहिलेले साल वाचू.

चित्र अंडाकृती, हस्तिदंतावर रंगवलेले, तळहातावर मावेल एवढे. लाल कोटातला ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण अधिकारी. कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत 'जे. एस.', त्याखाली साल, आणि सालाखाली 'आय'. 'जे. एस.' म्हणजे जॉन स्मार्ट, लंडनचा नावाजलेला लघुचित्रकार. १७८५ मध्ये तो मद्रासला आला आणि १७९५ पर्यंत भारतात राहिला. 'आय' म्हणजे इंडिया. इथे रंगवलेल्या चित्रांवर तो हे अक्षर घालत असे.

हस्तिदंताचा पातळ काप गुळगुळीत असतो, त्यावर जलरंग धरत नाही. म्हणून तो आधी उन्हात पांढरा करायचा, मग प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचा. चेहऱ्यावर रंग अगदी विरळ, म्हणजे खालचा हस्तिदंत कातडीसारखा उजळतो. कोट मात्र दाट रंगात. स्मार्टचे काम इतके बारीक, की भिंग लावल्याशिवाय कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? शिडाच्या जहाजाला विलायतेहून यायला पाच-सहा महिने लागत. पत्र पाठवून उत्तर यायला वर्ष जाई. मुलगा परत येईल याची खात्री नव्हती. निदान चेहरा घरी पोचावा. साल १७९१ असेल तर थोडे थांबा. तेव्हा टिपूविरुद्ध युद्ध चालू होते, आणि परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा कंपनीच्या बाजूने कर्नाटकात उतरल्या होत्या.

अर्काटचे नवाब मुहम्मद अली वालाजाह यांचीही चित्रे स्मार्टने काढली. ती नावानिशी ओळखता येतात. पण संग्रहालयांत त्याच्या कितीतरी चित्रांखाली नुसते 'एक अधिकारी' असे लिहिलेले असते. घरच्यांना नाव लिहायची गरजच वाटली नसावी. आईला चेहरा ठाऊक होता. स्मार्टचा मुलगाही लघुचित्रकार झाला, मद्रासला आला आणि १८०९ मध्ये तिथेच वारला.

आमच्या घरी आजोबांच्या पलटणीचा एक फोटो आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे आजोबा, एवढे आजी सांगायची. बाकीचे अकरा जण कोण, हे विचारायचे राहून गेले. मागे स्टुडिओचा शिक्का आहे, त्यावर अंबाला एवढेच वाचता येते. साल नाही.