किल्ली कोणाच्या हाती?

समजा, एक संगणक मुंबईत आहे आणि तो चालवणारा माणूस मालेगावात बसला आहे. तो मालेगावात माऊस हलवतो आणि मुंबईच्या पडद्यावरचा बाण हलतो! या सोयीला 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा अनेकांनी अशा सोयींमुळे घरी बसून कचेरीचे काम केले.

ही सोय सुरक्षित आहे का? चांगल्या सेवेत दोन यंत्रांमधला मजकूर गुप्त लिपीत जातो. वाटेत कोणी तो पकडला, तरी त्याला वाचता येत नाही. म्हणजे कुलूप भक्कम आहे. पण किल्लीच चोराच्या हाती पडली तर?

अमेरिकेत 'कलोनियल पाइपलाइन' ही मोठी तेलवाहिनी आहे. तिच्या कंपनीच्या संगणकांत दुरून शिरण्याच्या एका जुन्या वाटेवर फक्त पासवर्डचा पहारा होता. तो पासवर्ड चोरांना मिळाला. मे २०२१ मध्ये तेलवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि कंपनीने चोरांना सुमारे ४४ लाख डॉलर दिले.

आपल्याकडे काही चोर गोड बोलून किल्ली मागून घेतात. फोन येतो, "मी बँकेतून बोलतोय. तुमचे खाते आज बंद पडेल. हे ॲप घ्या आणि त्यावरचा क्रमांक मला सांगा." माणूस घाबरतो. क्रमांक सांगतो, परवानगीचे बटणही दाबतो. मग त्याच्या मोबाइलचा पडदा चोराला दिसू लागतो. बँकेकडून आलेला ओटीपीही दिसतो. बघता बघता खाते रिकामे होते! फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. ॲप चोरीसाठी बनवलेले नव्हते. मालकानेच चोराला दार उघडून दिले होते.

मित्रांनो, अब्बांना, दादीला मोबाइल तुम्हीच शिकवता ना? मग हेही सांगा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नये. क्रमांक व ओटीपी कोणालाही सांगू नये. फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब इंटरनेट बंद करावे, बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

शब्दार्थ
भक्कम – मजबूत
पहारा – राखण
फसगत – फसवणूक

स्वाध्याय
१. कुलूप भक्कम असूनही चोरी कशी होते?
२. फसगत झाल्यावर कोणत्या तीन गोष्टी कराव्यात?