मॉडेल मालडबा पांढुरका पडला? थांबा, खरवडू नका!

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, अमेरिकेतले मॉडेल रेल्वेचे हौशी लोक १:८७ मापाचा नवाकोरा मालडबा मुद्दाम जुना करतात. गंज, धूळ, काजळी असे रंग देतात आणि शेवटी मॅट वॉर्निशचा फवारा मारतात. कधी कधी वाळल्यावर अख्खा डबा पांढुरका दिसतो. मेहनत वाया गेली असं वाटतं. पण खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो.

असं का होतं?
वॉर्निशमधलं थिनर झपाट्याने उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं, तसंच इथेही होतं. थरात बारीक पोकळ्या राहतात आणि प्रकाश विखुरतात. कुटलेला बर्फही म्हणूनच पांढरा दिसतो.

उपाय :
१. डबा पूर्ण वाळू द्या.
२. कोरड्या हवेच्या दिवशी तेच वॉर्निश हलक्या हाताने पुन्हा फवारा. नवा थर जुन्याला थोडा विरघळवतो, पोकळ्या भरतात, पांढरेपणा जातो.

फवारणी मोठ्यांनीच, उघड्यावर आणि मास्क लावून करावी.

पावसाळ्यात आपल्याकडे मुलांच्या मॉडेलवरही असा थर येऊ शकतो. तेव्हा "बिघडलं" म्हणण्याआधी मुलांना विचारा, "हे कशामुळे झालं असेल?" बाष्पीभवन आणि संघनन, दोन्ही धडे तिथेच शिकवून होतात.