कोअर वेळेवर ढासळायला हवा

चि. बाळ,


शिरोलीच्या फाउंड्रीत तुला कोअर शॉप मिळालं, याचा मला मनापासून आनंद झाला. भट्टीकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. पण इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळायच्या वाटा, सिलिंडर हेडमधले वाकडे पोर्ट, व्हॉल्व्हची पोकळी, हे सगळं वाळूचा कोअर ठरवतो. उचलताना कोअर तुटतात म्हणून वाळू बांधणारं रेझिन वाढवावं, असं तुझ्या मनात आलेलं दिसतं. एवढ्यात वाढवू नकोस. कोअरची खरी परीक्षा रस ओतल्यानंतरच्या काही मिनिटांत असते. त्या वेळात त्याने आधी टिकायचं असतं आणि मग ढासळायचं असतं. यातलं दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

रस कोअरभोवती पोचला की बाइंडर जळू लागतो आणि त्याचा गॅस होतो. तो वाळूच्या कणांमधून, कोअर प्रिंटच्या वाटेने बाहेर गेला तर काही बिघडत नाही. पण वितळलेल्या लोखंडाची १५ सेंटिमीटर उंची तळाशी दाब देते तो जेमतेम एक दशांश वातावरणाएवढा. कोअरमधल्या गॅसचा दाब त्याहून वाढला आणि तोवर रसावर कातडी धरली नसेल, तर गॅस थेट रसात घुसतो आणि कास्टिंगमध्ये पोकळी, म्हणजे ब्लोहोल, राहतो. रेझिन जितकं जास्त तितका गॅस जास्त. असा ब्लोहोल फेटलिंगमध्ये बहुधा दिसत नाही. मशीनशॉपमध्ये टूल फिरलं की उघडा पडतो. टेबलावर तुटलेल्या कोअरमध्ये वाळू, रेझिन आणि थोडी मेहनत वाया जाते. ब्लोहोलमध्ये भट्टीची वीज, मोल्डिंग, मशीनिंग, सगळं बुडतं. टेबलावरचे तुकडे डोळ्यांना दिसतात म्हणून तेच मोठं नुकसान वाटतं, एवढंच.

तू म्हणशील, कोअर कच्चा ठेवला तर रसात तरंगून वर जाईल. शंका रास्त आहे. लोखंडाचा रस वाळूच्या कोअरहून चौपटीहून जड असतो, त्यामुळे एक किलोच्या कोअरला वर ढकलणारा निव्वळ जोर साडेतीन किलोच्या आसपास भरतो. पण हा जोर पेलायचं काम मुख्यतः कोअर प्रिंटचं, गरज असेल तिथे चॅप्लेटचं आणि लांब कोअरमध्ये आतल्या सळीचं. प्रिंट आखूड ठेवून ती कसर रेझिनने भरून काढायला गेलास, तर तरंगणं थांबेलच असं नाही, गॅस मात्र नक्की वाढेल.

कोअर करायच्या पद्धतीही याच कसोटीवर लावून बघ. जवसाच्या तेलाची वाळू ओव्हनमध्ये दोनशे-सव्वादोनशे अंशांवर तासन्‌तास भाजावी लागते आणि भाजण्याआधी ती लिबलिबीत असते. पण ओतल्यावर ती इतकी छान सुटते की जुने कारागीर तिची आठवण अजून काढतात. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडचा कोअर क्षणात कडक होतो, वासही नसतो. मात्र सिलिकेट जळून जात नाही, तापून काचेसारखं घट्ट होतं. अरुंद वॉटर जॅकेटमध्ये असा कोअर घातलास तर नॉकआउटवाले छिन्नी घेऊन बसतील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी काढलेली शेल पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. फिनॉलिक रेझिन चढवलेली वाळू सुमारे अडीचशे अंश तापलेल्या बॉक्समध्ये भरायची, कडेचा थर पिकला की आतली कच्ची वाळू ओतून काढायची. कोअर पोकळ निघतो, वाळू वाचते आणि गॅसला आतून वाट मिळते.

मग १९६८मध्ये आलेला अमाइनचा कोल्ड बॉक्स सगळीकडे का वापरू नये? काही सेकंदांत पिकतो, बॉक्स तापवावा लागत नाही, मापही चांगलं मिळतं. मोठ्या संख्येच्या कामाला तो जरूर घ्यावा. पण त्याच्या रेझिनमधला आयसोसायनेट पाण्याशी लगेच जुळतो, म्हणून वाळू किंचित दमट असली तरी ताकद घसरते. मिश्रण पडून राहिलं तरी तेच होतं. बॉक्समधल्या व्हेंटच्या जाळ्या वाळूने बुजल्या, तर अमाइनचा गॅस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि नेमका तोच कोपरा मऊ राहतो. तुझे कोअर एकाच जागी तुटत असतील, तर आधी ती जाळी काढून उजेडासमोर धर. अमाइनचा माशासारखा वास शॉपमध्ये येत असेल तर स्क्रबर तपासून घे. तो वास अंगवळणी पडू देऊ नकोस.

पोकळीच्या आत पात्यासारखे बारीक पापुद्रे दिसले तर तिथेही रेझिन हे औषध नाही. सिलिका वाळू ५७३ अंशांवर एकदम फुगते, कोअरला तडा जातो आणि रस त्यात शिरतो. त्यावर आयर्न ऑक्साइडची थोडी भर किंवा त्या भागापुरती क्रोमाइट वाळू, असा इलाज वाळूतच करावा लागतो.

रेझिनला हात लावण्याआधी आठवडाभर वाळूचा दमटपणा आणि मिश्रणाचं वय पाळीवार लिहून ठेव. मशीनशॉपमधून परत आलेलं एखादं कास्टिंग कापून घे. ब्लोहोल कोअरच्या लगत वरच्या बाजूला असेल, तर कोअरच्या गॅसचा संशय पक्का धर आणि प्रिंटमधली व्हेंट मोकळी आहे का ते बघ. कुठे सापडला ते मला कळव.

तुझा
मामा