हिमनदीवर उन्हाळी स्कीइंग: आधी घड्याळ, मग उतार

आल्प्समध्ये भर उन्हाळ्यात स्की करता येईल अशा जागा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. स्वित्झर्लंडचं झरमॅट आणि ऑस्ट्रियाचं हिंटरटुक्स ही त्यांतली सगळ्यांत भरवशाची दोन नावं. इटलीच्या स्टेल्वियो खिंडीत तर सगळा उलटाच मामला आहे. हिवाळ्यात खिंडीचा रस्ता बर्फामुळे बंद असतो, त्यामुळे तिथलं स्की केंद्र चालतं ते उन्हाळ्यात आणि शरदात. म्युनिक-झुरिककडे नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी आणि युरोपच्या सहलीत दोन दिवस डोंगरासाठी राखून ठेवणारे ट्रेकर यांच्याकडून या जागांची चौकशी वाढते आहे. हा मजकूर त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. स्की शिकायची जागा हिमनदी नव्हे. वळता येणं, हवं तिथे थांबता येणं हे आधी गुलमर्ग, औली किंवा युरोपातल्या एखाद्या साध्या हिवाळी उतारावर पक्कं करा. हिमनदीवर चुकीच्या जागी पाच मीटर पुढे घसरत जाणं महागात पडू शकतं.

हिमनदीचा बर्फ वाहता असतो. तळाशी दाबाखाली तो हळूहळू सरकतो, पण वरचा थर ठिसूळ असल्यामुळे खालची जमीन उतरती झाली, वळली किंवा बर्फ कड्याला घासला की तडकतो. या भेगा वीस-तीस मीटर खोल सहज असतात. हिवाळ्यात वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ त्यांच्यावर पूल बांधतो. वसंतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, हे पूल जाड असतात आणि पहाटेच्या थंडीत चांगले टणक होतात. जुलै-ऑगस्टपर्यंत ते खालून-वरून झिजतात. खालच्या भागात उघडा बर्फ आणि उघड्या भेगा दिसतात, वरच्या भागात मात्र जुन्या बर्फाखाली काय आहे ते कळत नाही. मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो तो शरद ऋतू. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिली हिमवृष्टी होते, सगळं पांढरंशुभ्र दिसतं आणि भेगांवर जेमतेम वीतभर भुसभुशीत बर्फ असतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर माजलेलं गवत कड्याची धार झाकून टाकतं, तसंच हे. वजन घेण्याची ताकद त्या थरात मुळीच नसते.

१९५० साली अन्नपूर्णा शिखरावर पोहोचलेल्या दोघांपैकी एक, लुई लाशनाल, याचा मृत्यू हिमालयात झाला नाही. नोव्हेंबर १९५५ मध्ये शामोनीजवळच्या व्हॅली ब्लांशमध्ये स्की करताना तो बर्फाने झाकलेल्या भेगेत पडला. तो स्वतः गाइड होता आणि हा परिसर त्याच्या घरच्या अंगणातला होता.

म्हणून पहिला नियम आखलेल्या वाटेचा. स्की केंद्राचे लोक रोज पहाटे यंत्राने उतार सारखे करतात, भेगा तपासतात, लहान भेगा बुजवतात आणि दोन्ही बाजूंना खांब रोवतात. ही तपासणी त्या खांबांपुरतीच असते. पिवळ्या-काळ्या दोरीपलीकडे कुणाच्या स्कीच्या रेघा दिसल्या, म्हणून ती वाट ठरत नाही. फोटोसाठी किंवा लघवीसाठी दोरी ओलांडून पाच पावलं जाणं हाही हिमनदीवर उतरण्याचाच प्रकार आहे. त्यातही पायातल्या स्की काढून चालत जाणं अधिक वाईट, कारण स्की वजन लांबवर पसरवतात आणि बुटाची टाच ते एका ठिपक्यावर आणते. ढग उतरून काही दिसेनासं झालं, तर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत हळूहळू उतरा.

दुसरा नियम घड्याळाचा, आणि माझ्या मते बाकी सगळ्या तयारीपेक्षा तो मोठा आहे. उन्हाळ्यात हिमनदीवरचा दिवस सकाळीच संपतो. लिफ्ट भल्या सकाळी सुरू होतात आणि दुपारी बंद होतात, यामागे हेच कारण आहे. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो आणि पुन्हा कडक गोठतो. रात्रभर ढग असतील तर तो गोठत नाही, मग सकाळी हवा कितीही छान असो. त्यामुळे आदल्या संध्याकाळी हवामानाच्या अंदाजात दोन गोष्टी पाहा: रात्रीचे ढग आणि शून्य अंशाची पातळी, म्हणजे किती उंचीवर तापमान शून्याला पोहोचतं ते. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर ही पातळी ५,२९८ मीटरपर्यंत चढली होती, म्हणजे माँ ब्लांच्या माथ्याच्याही वर. अशा आठवड्यात आखलेली वाट सोडून जायचा बेत सरळ रद्द करावा. सकाळी पहिल्या उतारावर काठी दाबून पाहा. कवच टणक लागलं तर ठीक. बूट घोट्यापर्यंत आत जात असेल, तर तुम्हाला उशीर झाला आहे.

दुपारच्या उन्हाचा धोका फक्त पायाखाली नसतो. ३ जुलै २०२२ रोजी इटलीतल्या मार्मोलाडा शिखराच्या हिमनदीचा प्रचंड तुकडा दुपारी तुटून कोसळला आणि ११ गिर्यारोहकांचा बळी गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस झरमॅटलाही उन्हाळी स्कीइंग काही काळ थांबवावं लागलं. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांनी आपला सुमारे दहावा हिस्सा बर्फ गमावला. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनातली वाट, जुना नकाशा किंवा मोबाइलमधला जुना ट्रॅक यांच्यावर भिस्त ठेवू नका. केंद्राची त्याच सकाळची सूचना पाहा आणि गाइडला विचारा.

उंचीचा विचार अनेक जण करतच नाहीत. झरमॅट गावच आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे. तिथून केबल कार तुम्हाला पाऊण-एक तासात ३,८८३ मीटरवर नेऊन सोडते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असतो. आदल्या एक-दोन रात्री गावात मुक्काम करा, पहिल्या दिवशी बेत छोटा ठेवा. डोकं दुखून मळमळ सुरू झाली तर गोळी घेऊन पुढे स्की करत बसू नका, खाली या.

आखलेल्या वाटेबाहेर जायचं असेल तर आयएफएमजीए या पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेल्या गाइडसोबतच जा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केलेले आपल्याकडे खूप आहेत आणि तिथे शिकलेल्या गाठी इथेही कामाला येतात. पण ते शिक्षण पायी चालण्याचं असतं. स्कीवर वेग असतो, पायाला दोन लांब फळ्या असतात आणि साथीदार भेगेत गेल्यावर त्या फळ्यांवर झटका पेलायचा असतो. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तिथल्या अल्पाइन क्लबचं सदस्यत्व घ्यावं आणि भेगेतून सुटकेचा त्यांचा कोर्स जरूर करावा.

हार्नेस पाठपिशवीत ठेवू नका. तो लिफ्टमध्ये बसण्यापूर्वीच अंगावर चढलेला असावा. भेगेच्या दोन भिंतींत अडकलेल्या माणसाला तो घालता येत नाही. एक छोटी युक्ती जाणकार करतात ती शिकून घ्या: हार्नेसच्या पुढच्या कडीला एक स्लिंग बांधून तिचं दुसरं टोक कॅराबिनरने पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावर लटकवून ठेवायचं. तुम्ही उथळ जागी अडकलात, तर वरचा माणूस खाली न उतरता त्या कॅराबिनरला दोर अडकवू शकतो. कमरेला एक-दोन आइस स्क्रू हाताला लागतील असे असावेत, म्हणजे आत पडलेला माणूस स्वतःला भिंतीशी बांधून घेऊ शकतो. दोर ज्याच्या पिशवीत आहे त्याने सगळ्यांत पुढे जायचं नाही. तो पडला तर सुटकेचं साधनही त्याच्याबरोबर जातं. चढताना आणि सपाटीवर दोराने बांधून घ्या. उतरताना बहुधा दोर सोडतात. तेव्हा गाइडच्या रेघेतूनच, एकमेकांत किमान दहा मीटर अंतर ठेवून या, आणि थांबल्यावर घोळका करू नका. उतारावर आडवी जाणारी, किंचित खचलेली, भोवतालपेक्षा मळकट अशी पट्टी दिसली तर ती भेग समजा आणि काटकोनात ओलांडा. काठ्यांच्या पट्ट्यांतून मनगटं मोकळी ठेवा.

खाली ऊन कितीही असो, टी-शर्टवर स्की करू नका. सकाळचा गोठलेला बर्फ घसरताना कोपर सोलून काढतो, आणि भेगेच्या आतलं तापमान शून्याच्या आसपास असतं. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून चौथ्या श्रेणीचा गॉगल हवा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. डोळे भाजलेले तिथे कळत नाहीत. काही तासांनी, हॉटेलवर परतल्यावर वाळू गेल्यासारखे खुपू लागतात.

शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्यात स्कीइंग असेलच असं नाही. पॉलिसीत साहसी खेळ, आखलेल्या वाटेबाहेरचं स्कीइंग, उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरची सुटका हे चार मुद्दे लेखी तपासा.

साथीदार भेगेत पडला तर कडेकडे धावत जाऊ नका, तुमच्याही पायाखाली तोच पूल असू शकतो. आडवे व्हा, काठीने चाचपत सरका, आवाज द्या आणि लगेच मदत मागा. ११२ हा क्रमांक सगळीकडे चालतो. ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी १४०, स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव सेवेचा १४१४, आणि झरमॅट ज्या वाले प्रांतात येतं तिथे १४४. झरमॅटच्या वरची हिमनदी इटलीच्या सीमेला लागून आहे, त्यामुळे फोन पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडू शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात देश, हिमनदीचं नाव आणि जवळची लिफ्ट सांगा. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहा, ही मदत हवी असल्याची खूण आहे. ते उतरण्याआधी सगळी सुटी स्की, काठ्या आणि जॅकेटं दाबून धरा.