चटके आणि सद्भावना

मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात. यास ‘डंबा’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या बाळास असे ६५ चटके दिल्याचे उघड झाले व पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. बरे करण्यासाठी दिलेला चटका छळ ठरतो काय? भारतीय न्याय संहितेचे कलम २७ (जुन्या दंडसंहितेचे ८९) बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण देते. विद्यार्थी मित्रांनी येथे थांबावे. कायद्यात सद्भावना म्हणजे नुसती माया नव्हे. योग्य दक्षता आणि काळजीही हवी. तापला विळा त्यात बसत नाही. तरीही डंबा देणारा हात आणि दवाखाना लांब म्हणून त्याच्याकडे गेलेली आई यांना माझ्या मते एकाच मापाने मोजू नये.