माग
(बी. ए. द्वितीय वर्ष)

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या वर्गात शब्दकोड्यांची स्पर्धा झाली. चौघांचा एक गट. फळ्यावर एकेक सूचना लिहिली जाई आणि जो गट आधी उत्तर देईल त्याला दोन गुण. त्यांतली एक सूचना अशी होती : 'चालवतात पण गाडी नव्हे, काढतात पण चित्र नव्हे, अक्षरे दोन.' सारा वर्ग गप्प. कोणी 'वाट' म्हणाले, कोणी 'हात' म्हणाले. मला उत्तर लगेच आले होते, पण ते तोंडातून निघेना. वेळ संपली. सरांनी फळ्यावर लिहिले : 'माग'. आमचा गट बरोबर दोन गुणांनी हरला.

मी का बोलले नाही, ते पुढे सांगेन. आधी या दोन अक्षरी शब्दाची ओळख करून घेऊ.

मी खाप्याची. सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीच्या काठी उंचावर वसलेले हे जुने गाव. येथील नगरपालिका १८६७ सालची आहे. हातमागाच्या कापडासाठी गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. 'माग' हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी कानांनी ऐकला. धोटा इकडून तिकडे गेला की होणारा खट्‌ खट्‌ आवाज म्हणजे माग. शाळेतून आल्यावर चरख्यावर कांड्या भरून द्यायच्या आणि मग गृहपाठाला बसायचे, हा आम्हा बहिणींचा नेम होता.

शब्दकोशात मात्र या मागाशेजारी दुसरा एक माग भेटतो. तो म्हणजे पाऊलखुणा, मागोवा. हा शब्द संस्कृत 'मार्ग' पासून आला. प्राकृतात जोडाक्षरातला र नाहीसा होऊन 'मग्ग' झाले. पुढे मराठीत जोडाक्षर सुटे झाले आणि आधीचा स्वर दीर्घ होऊन 'माग' झाला. हा नियम एकदा कळला की पुष्कळ कुलुपे एका किल्लीने उघडतात : कर्म, कम्म, काम; सर्प, सप्प, साप; कर्ण, कण्ण, कान; सप्त, सत्त, सात. परीक्षेसाठी पाठ केलेला नियम आपल्याच घरात वावरताना दिसला म्हणजे किती आनंद होतो!

'मार्ग' तरी कोठून आला? त्याचे नाते 'मृग' शब्दाशी आहे. मृग म्हणजे आज आपण हरीण समजतो. पण जुना अर्थ कोणताही वन्य पशू. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग आणि शिकार ही मृगया. पशू ज्या वाटेने गेला ती वाट म्हणजे मार्ग. त्या वाटेने शोध घेणे हा 'मार्ग्' धातूचा अर्थ. त्यावरून आपले 'मागणे' आले. संस्कृतात 'मार्गण' म्हणजे शोधणारा, याचकही आणि बाणही! याचक दाता शोधतो, बाण लक्ष्य शोधतो. आणि माग धरून चालणारा साहजिकच पुढच्याच्या पाठीशी असतो, म्हणून 'मागे'. आमच्या घरी 'मांगं' म्हणतात. शाळेत ते अशुद्ध ठरले होते. पण हिंदीच्या 'माँगना'तही तोच अनुस्वार आहे, हे कळल्यावर मला घरच्या बोलीची लाज वाटेनाशी झाली.

याच कुटुंबातला आणखी एक शब्द माझ्या जातीच्या दाखल्यावर आहे : 'मागास'. मागे राहिलेला तो मागास. बाबा पहाटे पाचला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतात ते दिवे लागेपर्यंत. त्यांच्या पुढ्यात दिवसभर कापड वाढत असते. मागे राहणे म्हणतात ते नेमके कोणाचे, असा प्रश्न मला पडतो.

आता शब्दखेळांकडे वळू. शब्दकोडे हा खेळ मूळचा अमेरिकेतला. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात पहिले शब्दकोडे दिले. स्क्रॅबल हा खेळही तिकडचाच. आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून, जे अक्षर दुर्मिळ त्याला जास्त गुण असा हिशोब बसवला. त्या हिशोबाने क्यू आणि झेड यांना दहा-दहा गुण आहेत. हाच हिशोब मराठीला लावला तर 'मा' आणि 'ग' ही अगदी स्वस्त अक्षरे ठरतील. पण मराठी कोड्यात काना-मात्रेसह अख्खे अक्षर एका घरात बसते. तेथे माग दोनच घरे अडवतो आणि कोपऱ्यात अडलेले कोडे सोडवून देतो. भेंड्यांतही 'ग' वर संपणारा शब्द प्रतिपक्षाला अडवत नाही. अडवायचे तर शेवटी 'ळ' किंवा 'ण' हवा, कारण या अक्षरांनी आपले शब्द सुरू होत नाहीत. तेव्हा गुण जिंकून देणारा हा शब्द नव्हे. त्याची किंमत वेगळीच. त्याला पुढे जोडा : मागणी, मागोवा, मागमूस, मागील. आधी जोडा : हातमाग, यंत्रमाग. एवढा गोतावळा कोणत्या श्रीमंत शब्दाला आहे?

'ॲलिस' लिहिणाऱ्या लुई कॅरल याने १८७७ मध्ये एक खेळ काढला. दर वेळी एकच अक्षर बदलायचे, प्रत्येक पायरीवर खरा शब्द हवा आणि शेवटी ठरलेल्या शब्दावर पोचायचे. हा खेळ मी एस. टी. त सावनेरला जाता-येता खेळते. हातापासून मागापर्यंत दोनच पायऱ्या आहेत : हात, मात, माग. आणि मागावरून पुढे निघाले तर : माग, माल, हाल. दुसरी शिडी मला कोड्यात सुचली खरी, पण आमच्या गल्लीला ती कोड्यावाचून ठाऊक आहे. यंत्रमागावर जी साडी थोड्या वेळात उतरते तिला हातमागावर दिवस जातो, आणि बाजार दोघींना एकाच तराजूत तोलतो.

सरांच्या सूचनेत 'काढतात' हा शब्द होता. वर्गातील सर्वांच्या लेखी माग काढणे म्हणजे शोध घेणे. आमच्या गल्लीत त्याचा अर्थ निराळा आहे. "अमक्याने माग काढला" म्हणजे त्याने माग उखडला, लाकूड विकले आणि जमिनीतला खड्डा मातीने बुजवला. आमच्या घरी दोन माग होते. मी कॉलेजात आले त्या वर्षी एक काढला. त्या जागी आता माझी खाट आणि पुस्तके आहेत. शेणाने कितीही सारवले तरी पावसाळ्यात तेवढीच जमीन थोडी खचते.

कोणी वडिलांचा व्यवसाय विचारला की मी 'कापडाचा धंदा' असे सांगत आले होते. खोटे नव्हे, पण खरेही नव्हे. वर्गात 'माग' म्हटले असते तर कोणी कदाचित विचारले असते, "तुला कसे ग ठाऊक?" त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी गप्प बसले.

ग्रंथालयात कोश पाहून आले त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितले, की माग काढणे म्हणजे शोधणे असाही एक अर्थ आहे. हातातला धोटा थांबवून ते म्हणाले, "काहून व पोरी, आमी माग काढला का हारवते, अन्‌ तुमच्या कॉलेजात माग काढला का सापडते काय?" आणि पुन्हा विणू लागले. मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या वर्षाच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'हातमाग विणकर' असे लिहिले आहे. माझ्या गटातल्या तिघींचे दोन गुण माझ्यामुळे गेले, हे त्यांना आजवर माहीत नव्हते. ते देणे या लेखाने थोडे तरी फिटावे.