धुके आणि उशिरा येणारी गाडी



डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईकडे लग्नाला निघायचे म्हटले की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पहिला प्रश्न असतो, "गाडी किती लेट आहे?" मग फलाटावर कानटोप्या, शाली, थर्मासमधला चहा आणि कुडकुडत केलेला जागर. मागे सातवीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, आपल्याकडे तर छान ऊन होते. मग पंजाब मेल सहा तास उशिरा का आली?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर शोधू.

आधी धुके, ज्याला आपण घरी सर्रास 'कोहरा' म्हणतो. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असले की जमिनीची उष्णता वर निघून जाते. जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि हवेतील वाफेचे बारीक थेंब बनतात. वारा पडलेला असला की ते तिथेच तरंगत राहतात. मावठा होऊन गेला असेल किंवा गहू-मोहरीला नुकतेच पाणी दिले असेल, तर हवेत ओल अधिक आणि धुकेही अधिक. हवामानशास्त्रात १००० मीटरच्या आतलेच दिसू लागले की धुके, २०० मीटरच्या आत दाट धुके आणि ५० मीटरच्याही आत अतिदाट धुके म्हणतात.

आता इंजिनात बसा. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ३० मीटर जाते. सिग्नल ५० मीटरवर आल्यावर दिसला, तर तो वाचायला दोन सेकंदही मिळत नाहीत. आणि या वेगातली गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला जवळपास एक किलोमीटर घेते! म्हणून लाल सिग्नलच्या आधीचा पिवळा सिग्नल चुकून चालतच नाही. दिवा मोठा लावावा, तर थेंबांवर आपटून प्रकाश डोळ्यांवरच परत येतो. पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब घाला, त्यावर टॉर्च मारा, म्हणजे कळेल.

यावर जुना उपाय कानाचा. धुके पडले की सिग्नलच्या निदान २७० मीटर अलीकडे रुळावर, दहा मीटरच्या अंतराने, दोन फटाके बसवतात. चाकाखाली ते फुटले की चालकाला कळते, सिग्नल आला. हे फटाके लावणारा माणूस रात्रभर रुळाच्या कडेलाच असतो. फलाटावर निदान छप्पर तरी आहे.

आता इंजिनात उपग्रहाच्या मदतीने चालणारे एक यंत्र ठेवतात. पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते हे यंत्र सांगते, पण तो लाल की हिरवा हे सांगत नाही. ते चालकानेच पाहायचे. त्यामुळे धुक्यात वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर असे, या यंत्रासह ती ७५ केली आहे. काहीच दिसत नसेल तर चालक त्याहूनही हळू जातो. सिग्नलची माहिती थेट इंजिनात दाखवणारी 'कवच' यंत्रणा मथुरा-कोटा मार्गावर २०२५ मध्ये सुरू झाली. सगळीकडे ती अजून पोचलेली नाही.

दिसले नाही तर काय होते? २ जानेवारी २०१० रोजी दाट धुक्यात कानपूरजवळ पनकी येथे गोरखधाम एक्सप्रेस पुढच्या प्रयागराज एक्सप्रेसवर मागून आदळली. प्रवासी मृत्युमुखी पडले.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. पंजाब मेल फिरोजपूरहून निघते आणि दिल्ली, मथुरा, आग्रा करीत आपल्याकडे येते. धुके पंजाब-हरियाणात असेल, तर उशीर तिथेच साठतो. पुढची गाडी हळू, म्हणून मागचीही हळू, कारण पुढचा रस्ता मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला हिरवा दिवा मिळत नाही. शिवाय लांबच्या गाडीचे डबे पोचल्यावर धुऊन, तपासून परतीला जोडतात. येणारी गाडी दहा तास उशिरा, तर जाणारीही वेळेवर सुटणे कठीण. काल रात्रीचे धुके आज दुपारच्या उन्हात आपल्याला भेटते ते असे.

करून पाहा : आठवडाभर रोज सकाळी गच्चीवरून किल्ला किती वाजता स्पष्ट दिसू लागतो ते वहीत लिहा. शेजारी त्या दिवशीचा पंजाब मेलचा उशीर आणि वर्तमानपत्रातले दिल्लीचे धुके लिहा. उशिराचा मेळ आपल्या धुक्याशी बसतो की दिल्लीच्या? आणि एक गणित : ताशी ६० किलोमीटर वेगाने २७० मीटर जायला किती सेकंद लागतील?